ग्वाल्हेरचा कोहरा आणि आमच्या मोटारी

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ‘आमच्याकडे मोटार थंडीसाठी तयार करावी लागते’ असं सांगितलं की ते गालात हसतात. त्यांची गाडी पावसाळ्यासाठी तयार होते. आमच्या ग्वाल्हेरात पाऊस येतो नि जातो, पण मे महिन्यात ४५ अंशांच्या वर गेलेला पारा जानेवारीत पहाटे दोन-तीनवर उतरतो, आणि त्याच्यासोबत येतो कोहरा. मराठीत त्याला धुकं म्हणतात हे ठाऊक आहे. पण धुकं म्हटलं की महाबळेश्वरचा पॉइंट आणि भाजलेलं कणीस डोळ्यांपुढे येतं. ज्यात समोरच्या ट्रकचा दिवा दिसत नाही तो कोहराच. घरात एरवी अस्सल मराठी बोलणारी आमची आजीसुद्धा कोहराच म्हणायची.

लष्करातल्या मराठी घरांनी या थंडीसाठी आपल्या मोटारी कशा सांभाळल्या, त्याची ही थोडी हकीकत. मी कॉमर्सचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेत गेली. यंत्रातलं जे कळतं ते मिस्त्र्यांच्या शेजारी उभं राहून कळलेलं आहे, एवढं धरून वाचा.

ग्वाल्हेरात मोटारीचं कौतुक राजवाड्यापासून सुरू झालं. माधवराव महाराजांना यंत्रांचं वेड होतं. जेवणाच्या टेबलावर फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी जयविलासमध्ये सगळ्यांनी पाहिली असेल. १९०८ साली मुंबई-कोल्हापूरच्या मोटार-चाचणीत नाव कमावलेली रोल्स-रॉइस पुढे त्यांनीच घेतली. त्या काळच्या मोटारींना सेल्फ नव्हता. पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवायचं, पेट्रोल डब्यातून ओतायचं, आणि दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या वायूचे. विजेवर चालणारा सेल्फ अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅकवर तो पहिल्यांदा बसून आला. आपल्याकडे सेल्फ आल्यावरसुद्धा हँडल काही सुटलं नाही. अ‍ॅम्बॅसिडरच्या पुढच्या बंपरमधलं हँडलचं भोक आठवतंय ना? ते शोभेचं नव्हतं. थंडीतल्या सकाळी निम्म्या गाड्या त्या भोकाच्याच भरवशावर ऑफिसला जायच्या.

सरदारांच्या वाड्यांत मोटार आली ती सरळ पागेत जाऊन उभी राहिली, कारण वाड्यात तेवढी मोठी आणि छप्पर असलेली दुसरी जागाच नव्हती. घोडे गेले, त्यांच्या झुली उरल्या. आमच्या गल्लीच्या टोकाच्या वाड्यातला म्हातारा ड्रायव्हर घोड्याची जुनी झूल रात्री मोटारीच्या बॉनेटवर घालायचा आणि तिला ‘पांघरूण’ म्हणायचा. वाडा नसलेल्यांकडे गोधडी. यात वेडेपणा काही नव्हता. संध्याकाळी चालून आलेलं इंजिन पांघरुणाखाली उशिरा निवतं, आणि मुख्य म्हणजे दव आत जात नाही. दव डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरलं की प्लगपर्यंत ठिणगी पोचत नाही आणि मग कितीही सेल्फ मारा.

आमच्या वडिलांकडे सायकल होती. मोटारीशी माझा पहिला संबंध आला तो शेजारच्या डॉक्टरकाकांच्या लँडमास्टरमुळे, साठच्या दशकात. मी आणि गल्लीतली चार-पाच पोरं हे त्या गाडीचं सेल्फ होतो. सकाळी साडेसातला काकू ओट्यावरून हाक मारायच्या, आम्ही मफलर गुंडाळून धक्का मारायला हजर. मजुरी म्हणजे मुरैन्याच्या गजकची एकेक वडी. गाडी चौथ्या-पाचव्या धक्क्याला खोकायची आणि मग निळा धूर सोडत निघायची. एखाद्या दिवशी काका हँडल काढत. तेव्हा मात्र ते आम्हाला जवळ येऊ देत नसत. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनाने उलटा फटका दिला तर मनगटाचं हाड जातं. डॉक्टरी पुस्तकांत या हाड मोडण्याला शोफरचं फ्रॅक्चर असंच नाव आहे, हे काकांनीच सांगितलं होतं.

तयारीचा हंगाम ठरलेला होता. दसऱ्याला गाडीची पूजा, बॉनेटवर झेंडूची माळ. दिवाळी झाली की मिस्त्रीकडे पहिली फेरी, आणि चंपाषष्ठीला खंडोबाचं नवरात्र उठायच्या आत सगळं काम पुरं. भरीत-रोडग्याचं जेवण झालं आणि गाडीची बॅटरी तपासलेली नाही, अशा घरमालकाला बायकोसुद्धा टोमणा मारायची.

बॅटरीबद्दल एक गोष्ट आमचे मिस्त्री नेहमी सांगायचे, आणि नंतर वाचनात आलं तेव्हा ती अगदी बरोबर निघाली. बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं थंडीत. मे-जूनच्या उन्हात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या पट्ट्या खराब होतात; पण गरम हवेत इंजिन हलकं फिरतं म्हणून निभावून जातं. डिसेंबरात एकीकडे बॅटरीची ताकद थंडीने कमी होते, शून्य अंशाजवळ तर चौथा-तिसरा हिस्सा जातो, आणि दुसरीकडे इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. म्हणजे जमा कमी, खर्च जास्त. आम्हा बँकवाल्यांना हे पटकन समजतं. म्हणून मिस्त्री ऑक्टोबरातच काचेच्या नळीचं हायड्रोमीटर घालून प्रत्येक खान्यातलं अ‍ॅसिड पाहायचे. काटा १२६०-१२८०च्या आसपास असला तर ठीक. एकच खाना खाली असला तर ते काही न बोलता मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ नवी बॅटरी. टर्मिनलवर साठलेली हिरवी-पांढरी बुरशी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवायची, पुसून कोरडं करायचं, वर व्हॅसलीनचं बोट. हे काम आजही तसंच करतात आणि ते करायला कॉम्प्युटर लागत नाही.

ऑइलचंही तेच. उन्हाळ्यात चाळीस नंबर, थंडीत तीस नंबर अशी अदलाबदल जुने लोक करत. पुढे २०डब्ल्यू-४० आलं आणि ती कटकट गेली. डब्यावरचा तो ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. थंडीत पातळ राहील आणि गरम झाल्यावर पुरेसं घट्ट राहील असं ते ऑइल. आताच्या गाड्यांत ५डब्ल्यू, शून्यडब्ल्यू घालतात. ते आपल्या थंडीपेक्षा पेट्रोल वाचवण्यासाठी जास्त.

एका गोष्टीवर मात्र माझं मिस्त्र्यांशी कधी जमलं नाही. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून ठेवणारी झडप असते, थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आपल्याकडचे मिस्त्री ती काढून फेकून देत. ‘साहेब, ये विलायती चीज है, अपने यहाँ क्या काम!’ मग तीच गाडी जानेवारीत दहा किलोमीटर गेली तरी थंडगार, चोक आत ढकलावा तर बंद पडते आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. यावर उपाय काय, तर रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा लावायचा! बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा सुतळीने बांधलेल्या अ‍ॅम्बॅसिडर मी बाड्यावर रांगेने पाहिल्या आहेत. रोग आपणच आणायचा आणि पुठ्ठ्याने बरा करायचा.

मी बँकेत लागलो १९७३ला. राष्ट्रीयीकरणाला चारच वर्षं झाली होती, खेड्यापाड्यांत शाखा उघडत होत्या. मला भिंडकडची शाखा मिळाली. वसुलीसाठी शाखेला जीप होती. जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे बागी लोकांनी शस्त्रं ठेवली ती १९७२च्या एप्रिलमध्ये, म्हणजे भीती नुकतीच ओसरत होती. तरी अंधारात निघायचं नाही हा दंडक होताच. त्यात थंडीची भर. आमचा ड्रायव्हर प्लग काढून ते चहाच्या टपरीवरच्या शेगडीत तापवायचा आणि फडक्यात धरून पळत येऊन बसवायचा. डिझेलच्या गाडीवाल्यांची तर याहून कमाल. पेटती मशाल खालून ऑइलच्या चेंबरला लावायचे. ते पाहताना माझ्या पोटात गोळा यायचा. एकूण काय, साडेआठ-नऊच्या आत जीप सुरू झाली तर तो शुभशकुन. शेतकऱ्यांनाही ठाऊक होतं की पौषात बँकवाले दुपारीच येतात.

१९८१मध्ये मी बँकेच्या वाहन-कर्जावर जुनी अ‍ॅम्बॅसिडर घेतली. तानसेन समारोहाला हजिऱ्यावर सहकुटुंब जायचो. तंबोरे जुळत असताना बाहेर गाडीवर दव साठत असे आणि रात्री उशिरा निघताना चार जणांनी चार काचा पुसायच्या. आतून काच धुरकट होई तेव्हा कापलेला बटाटा किंवा तंबाखूची पुडी फिरवायची. बटाट्याने खरंच थोडा वेळ फरक पडतो.

त्यानंतर मारुती आली. १९८३च्या डिसेंबरात पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. आमच्याकडे नव्वदनंतर घरोघर दिसायला लागली. तिलाही सुरुवातीला चोक होता. पण २०००च्या सुमारास प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शनचं इंजिन आलं. किती पेट्रोल, किती हवा हे आता सेन्सर ठरवतो. किल्ली फिरवली की गाडी सुरू. दोन अंशात, पहाटे पाचला, पहिल्या झटक्याला. पुठ्ठे गेले, गोधड्या गेल्या, धक्का मारणारी पोरं गेली. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

आमच्या बँकेत एक सहकारी होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान. इथे त्याला भाऊ म्हणतो. गल्लीत धक्का मारणाऱ्या पोरांत सगळ्यात छोटा तोच होता. त्याचीही अ‍ॅम्बॅसिडर होती, माझ्याहून हट्टी. थंडीत आठच्या आधी ती कधी सुरू झाली नाही. ती काढून त्याने नवी गाडी घेतली. २००४च्या जानेवारीत मुलीला आग्र्याला परीक्षेसाठी सोडायला तो पहाटे साडेपाचला निघाला. मुरैना सोडल्यावर, चंबळच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्यात एक्सल मोडलेली ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकामागे दोन दगड तेवढे. मुलगी मागच्या सीटवर होती, ती वाचली. भाऊ वाचला नाही.

तेराव्याला वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, जुनी गाडी असती तर साडेपाचला निघालेच नसते हो.”

यावर कुणाकडे काही उत्तर नव्हतं. मी मात्र त्या वाक्यापाशी बराच काळ अडकलो. कोहरा साधारण दहा-अकराला उन्हाने उठतो. आमच्या जुन्या गाड्या साडेआठ-नऊला सुरू व्हायच्या, गरम होईपर्यंत साडेनऊ. ज्याला आम्ही गाडीचा आळस म्हणत होतो त्या आळसाने किती जणांना घरी बसवलं, याची नोंद कुठल्याच खातेवहीत नाही. गाडी थंडीसाठी तयार करायची म्हणजे ती सुरू होईल असं करायचं, एवढाच अर्थ आम्ही लावत आलो. ते काम कंपन्यांनी करून टाकलं. उरलेली अर्धी तयारी कुणी आपल्या अंगावर घेतलीच नाही.

हिशोब साधा आहे. हवामान खातं ५० मीटरच्या आतलं दिसत नसेल तर त्याला अतिदाट कोहरा म्हणतं. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. पुढे चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर, आणि दवाने ओल्या रस्त्यावर २५-३०. म्हणजे साठलाच आपण पन्नाशी गाठली. ऐंशीला धरलंत तर कोरड्यावरही ७० मीटरच्या जवळ लागतात. दिसतात पन्नास. चाळीसने गेलात तर सगळं मिळून २५-३० मीटरमध्ये थांबता येतं. माझ्या नातवाला मी हे आकडे कागदावर मांडून दाखवले तेव्हा तो म्हणाला, आजोबा, गाडीत एबीएस आहे. एबीएसने चाक घसरत नाही रे बाबा, पण दीड सेकंद काही परत मिळत नाही.

दिव्यांचंही तसंच. अप्पर मारला की जास्त दिसेल असं वाटतं, पण कोहऱ्यातल्या थेंबांवरून तो उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. जुने ड्रायव्हर हेडलाइटवर पिवळा जिलेटीन कागद लावायचे. त्या पिवळ्या रंगाने दूरचं दिसतं असं काही नाही, डोळ्यांवरची चमक थोडी कमी होते इतकंच. खरा उपयोग खाली, बंपरजवळ लावलेल्या फॉगलाइटचा, आणि मागच्या लाल दिव्याचा. मागचा दिवा आपल्याला स्वतःला दिसत नाही म्हणून तो गेलेला कळत नाही. रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून भिंतीवरचा लाल उजेड आरशात मोजावा. आतली काच धुरकट झाली तर आता बटाटा नको, एसी लावा, बरोबर हीटर. थंडीत एसी कशाला, असं घरचे म्हणतात. एसी हवेतली ओल काढतो, म्हणून. आणि टायर! ऑक्टोबरात दुपारी ३५ अंशांत हवा भरली असेल तर जानेवारीच्या पाच अंशांत तीच हवा साधारण पाच पौंडांनी उतरते. पंक्चर नसतानाही. सकाळी, गाडी चालवायच्या आधी, थंड टायरची हवा पाहायची.

यमुना एक्स्प्रेस-वेवर थंडीत वेगाची मर्यादा खाली आणतात, ते चांगलं आहे. माझी पुतणी मॉन्ट्रियलला असते. तिच्या प्रांतात एक डिसेंबर ते पंधरा मार्च थंडीचे टायर लावलेच पाहिजेत असा कायदाच आहे, नाहीतर दंड. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा टायरचा प्रश्न नाही. पण मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली रात्री हमरस्त्यावर यावी, यात कुणाला काही वाटत नाही. आणि आमच्याकडचा योगायोग पाहा. १९०५मध्ये माधवराव महाराजांनी गुरांचा बाजार म्हणून सुरू केलेली ग्वाल्हेरची जत्रा आता मोटारींची जत्रा झाली आहे. रोड-टॅक्स निम्मा होतो म्हणून आसपासच्या जिल्ह्यांतले लोक गाडी घेण्यासाठी तिची वाट पाहतात. ती भरते ऐन थंडीत. म्हणजे नवी गाडी, नवा ड्रायव्हर आणि सगळ्यात दाट कोहरा एकाच महिन्यात.

भाऊच्या पहिल्या वर्षश्राद्धानंतर वहिनींनी एक काम सुरू केलं, ते अजून चालू आहे. पौष लागायच्या आत त्या लाल रिफ्लेक्टर टेपची भेंडोळी विकत आणतात. त्यांची मुलगी, आम्ही तीन-चार निवृत्त लोक आणि नातवंडांपैकी ज्याला सुट्टी असेल तो, असे गल्ला मंडीच्या फाटकाशी उभे राहतो आणि माल उतरवून निघणाऱ्या ट्रॉल्यांना टेप लावतो. सुरुवातीला शेतकऱ्यांना वाटायचं की आम्ही आरटीओचे, पळायचे. आता काही जण स्वतःच थांबतात. गेल्या वर्षी एकाने सांगितलं की मागे फळीवर लावलेली टेप भुसा भरला की झाकली जाते, बोरं लोंबतात ना, त्यामुळे खाली चेसिसच्या पट्टीवर लावा. तेव्हापासून दोन्हीकडे लावतो.

सकाळी टेप चिकटत नाही, पत्रा गार आणि दमट असतो. फडक्याने धूळ पुसून, ऊन लागलेल्या पत्र्यावरच ती बसते. म्हणून आम्ही जातो ते दुपारी बारा ते तीन. यंदा मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या रविवारी जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी घरून कात्री आणि एक कोरडं फडकं आणावं, टेप वहिनींकडे आहे.